वाचकांचे प्रश्न : जुन्या स्पोर्टी गाडीचं सस्पेन्शन आणि रूप

या खेपेच्या पत्रांत पंधरा-वीस वर्षं जुन्या, पण जीव लावून सांभाळलेल्या गाड्यांचे प्रश्न जास्त आहेत. या गाड्या आता नव्या मिळायच्या नाहीत. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझी 2005 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (1.8 टर्बो) 1,20,000 किलोमीटर चालली आहे. कसारा घाट उतरताना गाडी डुलते आणि लागोपाठच्या वळणांवर मागची बाजू बाहेर सरकल्यासारखी वाटते. गॅरेजवाले म्हणतात, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) टाकून गाडी 50 मिलिमीटर खाली बसवा. करू का? — एक वाचक, गंगापूर रोड

नका करू. निदान आत्ता तरी नकोच. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. गाडी डुलते याचा अर्थ शॉक ॲब्सॉर्बर संपले. मागची बाजू सरकते याचं कारण बहुतेक वेळा मागच्या ॲक्सल बीमचे दोन मोठे बुश (जोडात बसवलेली रबरी नळकांडी) असतात. तुमच्या गाडीला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच आडवी तुळई) आहे, आणि तो पूर्ण बीम बॉडीला त्या दोन रबरी बुशांवरच धरलेला असतो. रबर फाटलं की वळणावर बीम थोडा तिरका होतो आणि मागची चाकं आपणहून किंचित वळतात. हातात स्टिअरिंग स्थिर असतानाही गाडी दिशा बदलतेय असं वाटतं ते यामुळे. अशा मेलेल्या रबरावर कडक स्प्रिंग चढवली तर सगळा मार त्या रबरावरच येतो आणि गाडी होती त्याहून बिघडते.

आधी तपासणी करा. सुरुवात टायरपासून. टायरच्या कडेला DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2318 असेल तर 2018 सालचा 23 वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी ओल्या घाटात भरवशाचा नाही. रबर कडक झालेलं असतं.

मग गाडी लिफ्टवर घ्या. पुढच्या लोअर आर्मचा (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) मागचा बुश पहारीने हलवून बघा. रबरात तडा असेल तर उघडून दिसतो. लिंक रॉडचे (वळणावर कलणं कमी करणाऱ्या स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारा छोटा दांडा) दोन्ही बॉल हाताने हलवले तर खडखडता कामा नयेत. शॉक ॲब्सॉर्बरवर धूळ चिकटेल इतका ओलावा चालतो. तेल खालच्या टोकापर्यंत ओघळलं असेल तर तो गेला. बोनेटवर दाब देऊन गाडी किती वेळा उसळते हे बघण्याची पद्धत फक्त पूर्ण मेलेला शॉक पकडते, अर्धा मेलेला नाही. मागच्या बीमसाठी गाडी सपाट जमिनीवर उभी करून दोन्ही मागच्या चाकांचं मडगार्डच्या कडेपासूनचं अंतर मोजा. डावं-उजवं जुळत नसेल तर बुश बसलेत, किंवा बीम कधीतरी ठोकरला आहे.

सामान एकदाच पूर्ण आणा : चार शॉक ॲब्सॉर्बर, बेअरिंगसकट दोन स्ट्रट माउंटिंग (स्ट्रट म्हणजे पुढचा शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब), चार बंप स्टॉप (शॉकची चाल संपते तिथले ठोकळे) आणि डस्ट कव्हर, दोन लिंक रॉड, स्टॅबिलायझर बारचे दोन बुश, लोअर आर्मचे चार, मागच्या बीमचे दोन. शॉक नेहमी जोडीनेच बदला. या कंपनीच्या गाड्यांत बरेच बोल्ट एकदाच ताणायचे असतात. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बदला म्हटलं असेल ते बोल्ट नवेच घ्या. जुना पुन्हा आवळला तर तो तुटेल किंवा नंतर सैल पडेल.

एवढं करून गाडी चालवून बघा. अनेकांना स्प्रिंगची गरजच उरत नाही. तरीही थोडी खाली, थोडी कडक हवी असेल तर 25 ते 30 मिलिमीटरपर्यंतच्या स्प्रिंगा घ्या, आणि शॉक त्यांच्या जोडीचेच घ्या. साध्या शॉकवर कडक स्प्रिंग टाकली तर शॉकला तिची उसळी आवरत नाही. गाडी उड्या मारते आणि शॉक लवकर जातो.

50 मिलिमीटर का नको, तर गाडी इतकी बसली की पुढचा लोअर आर्म चाकाच्या बाजूने वर उचललेला दिसू लागतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो रोल सेंटर अशा वेळी गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणून गाडी खाली बसूनही वळणावर जास्त कलते. शिवाय स्ट्रटची चाल कमी उरते. वळण घेता घेता खड्डा आला की स्ट्रट बंप स्टॉपवर आपटतो आणि त्या क्षणी चाकाची पकड सुटते. नाशिकच्या रस्त्यांचाही विचार करा. नियमानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असायला हवा, पण कॉलन्यांमधले गतिरोधक नियम बघून बांधलेले नसतात. चार माणसं बसवून, टाकी भरून इंजिनाखालच्या गार्डची जमिनीपासूनची उंची मोजा आणि मगच किती खाली जायचं ते ठरवा.

बसवताना कुठे चुकतं ते आता सांगतो, कारण अर्धी कामं इथेच वाया जातात. काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. स्ट्रट काढताना ब्रेक कॅलिपर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपावर लोंबकळू देऊ नका. एबीएसची वायर क्लिपमधून आधी सोडवा. स्प्रिंग दाबायला समोरासमोर दोन कॉम्प्रेसर लावा आणि दोन्ही आळीपाळीने, हाताच्या पान्याने आवळा. स्प्रिंग वरच्या बैठकीपासून पूर्ण सुटल्याशिवाय मधल्या नटला हात लावू नका. दाबलेल्या स्प्रिंगने माणसं जखमी झाली आहेत.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे बुशचे बोल्ट. गाडी लिफ्टवर असताना चाक खाली लोंबतं आणि आर्म उतरता असतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळले की बुशचं आतलं नळकांडं तिथेच जखडतं. गाडी जमिनीवर येताच आर्म वर फिरतो, पण नळकांडं फिरत नाही, म्हणून रबर कायमचं पिळलेलं राहतं. नवाकोरा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष सामानाला लागतो. म्हणून लोअर आर्म, मागचा बीम आणि मागच्या शॉकचा खालचा बोल्ट हे सगळे आधी नुसते बसवा. मग चाकाच्या मध्याखाली जॅक लावून सुरुवातीला मोजलेल्या उंचीवर आणा (नवी स्प्रिंग असेल तर तिच्या उंचीवर) आणि तेव्हाच टॉर्क रेंचने शेवटचं आवळा. फिटर हे करताना समोर उभे राहा.

मागच्या बीमचा बुश कुठल्याही बाजूने बसवता येत नाही. त्याच्या रबरात ठरावीक दिशेला पोकळी असते. जुना काढण्याआधी बीमवर मार्करने खूण करा. हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका. सातपूर-अंबडला प्रेस असलेली भरपूर वर्कशॉप आहेत.

शेवटी अलाइनमेंट. एकदा लगेच करा आणि 300 ते 500 किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की पुन्हा. छापील अहवाल मागून घ्या. तुमच्या गाडीत मागचा टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली) आणि कॅम्बर (चाक उभ्यात किती कललेलं) बदलता येत नाही. मागचे आकडे मर्यादेबाहेर असतील तर काहीतरी वाकलं आहे, मशीनवर ते सुधारणार नाही.

प्रश्न : रबराऐवजी सगळीकडे पॉलियुरेथेनचे बुश टाकले तर? — देवळाली कॅम्प

सगळीकडे नको. स्टॅबिलायझर बारला चांगले, पण सिलिकॉन ग्रीस लावूनच, नाहीतर पावसाळा संपला की चिरकायला लागतात. साधं ग्रीस वापरू नका. लोअर आर्मला चालतील, मात्र रस्त्याचा आवाज आत येईल. टॉर्शन बीमच्या बुशला तर अजिबात नको. तो बुश एकाच वेळी दोन-तीन दिशांनी वाकावा लागतो. तो कडक केला की ताण बीमच्या आणि बॉडीच्या जोडांवर जातो.

प्रश्न : माझ्या फियाट पालिओ 1.6 ला आता 175/65 R14 टायर आहेत. दुकानदार 15 इंची अलॉय 4x100 चे देतोय आणि म्हणतो, दोन मिलिमीटरचाच फरक आहे, आरामात बसतात. खरं का? — इंदिरानगर

बसतात, पण बसायला नको होते. पालिओच्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) चार बोल्ट 98 मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, चाकाची भोकं 100 च्या वर्तुळावर. म्हणजे प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर सरकलेला. बोल्टचं शंकूसारखं डोकं भोकाच्या एका कडेवर टेकतं. पान्याला तो घट्ट लागतो, पण वाकून ताणात राहतो. चाक मध्यभागी बसत नाही, 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी जात नाही. मग बोल्ट सैल होतात किंवा तुटतात. 4x98 चेच अलॉय शोधा, जुने चांगल्या स्थितीतले मिळाले तरी घ्या. एक मिलिमीटर सरकणाऱ्या बैठकीचे खास बोल्ट मिळतात, पण चांगल्या प्रतीचे मिळाले तरच, आणि हब रिंगसह.

पालिओच्या हबचा मधला व्यास 58.1 मिलिमीटर आहे. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुधा त्याहून मोठं असतं. हब रिंग म्हणजे ही फट भरणारी मधली ॲल्युमिनियमची रिंग, ती कुठल्याही लेथवर करून मिळते : आतून 58.1, बाहेरून चाकाच्या भोकाइतकी. हाताने दाबून बसली पाहिजे. ठोकावी लागली तर चूक, खुळखुळली तरी चूक.

टायरचा हिशेब सोपा आहे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के ते, आणि R नंतरचा रिमचा व्यास इंचांत. तुमच्या सध्याच्या टायरचा पूर्ण व्यास 583 मिलिमीटर भरतो. 185/55 R15 चा 584.5 येतो, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास जसाच्या तसा. 195/50 R15 चा 576 येतो. तोही चालेल, पण बाजूची भिंत 97 मिलिमीटरच उरते आणि खड्ड्यात रिम वाकते. आम्ही 185/55 घेऊ.

ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) मूळ चाकाच्या पाच मिलिमीटरच्या आत ठेवा. ऑफसेटचा आकडा 15 ने कमी म्हणजे चाक 15 मिलिमीटर बाहेर. दिसायला भारदस्त दिसतं, पण मागे माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो आणि पुढे व्हील बेअरिंगवर भार वाढतो. नवं चाक लावल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

प्रश्न : पुढचे स्ट्रट बदलल्यापासून उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की ‘टंग’ असा आवाज येतो. — सिडको

स्प्रिंग अडकून एकदम सुटते आहे. एक तर माउंटिंगचं बेअरिंग जुनंच ठेवलंय किंवा उलटं बसवलंय, नाहीतर स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीतल्या खाचेला टेकलेलं नाही. बोनेट उघडून दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगवर हात ठेवा, झटका हाताला लागेल. लहान खड्ड्यांवर खटखट येत असेल तर लिंक रॉड किंवा वरचा नट बघा.

प्रश्न : गाडीचं रूप बदलायचं आहे. पुढे लिप (बंपरखालची पट्टी), मागे मोठा विंग, एलईडी हेडलाइट आणि पूर्ण रंगकाम असा बेत आहे. आधी काय करू? — नाशिक रोड

आधी हेडलाइटची काच. जुनी गाडी म्हातारी दिसते ती सगळ्यात जास्त पिवळ्या पडलेल्या दिव्यांमुळे. ही काच पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्यावरचा उन्हापासून वाचवणारा थर जळालेला असतो. भोवतीच्या रंगाला टेप लावा. पाणी मारत 800, 1500, 2000 आणि 3000 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवा. मधला नंबर गाळला तर ओरखडे कायम राहतात. 800 ने जुना पिवळा थर पूर्ण निघाला पाहिजे. पाण्याबरोबर पिवळट दूध येणं थांबलं की निघाला समजा. मग बफ करून वर उन्हाला टिकणारं टू-के (हार्डनर मिसळून मारायचं) क्लिअर कोट मारून घ्या. हा शेवटचा थर टाळला की काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टने तात्पुरती चमक येते, बाकी काही नाही.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब नको. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा प्रकाश तिथून निघत नाही आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सावळघाटात रात्री समोरून येणाऱ्याला रस्ताच दिसेनासा होतो. त्याऐवजी इंजिन चालू, दिवे चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जुनी वायर आणि स्विच वीज खात आहेत. बॅटरीपासून फ्यूज घालून, 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि रिले टाकला की मूळ वॉटेजचेच बल्ब ठळक उजळतात.

रंगाआधी जाडी मोजून घ्या. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर 300 च्या वर आकडा आला तर तिथे पुन्हा रंग झालाय किंवा आत लांबी (पुटी) भरलेली आहे. आकडे सगळीकडे चांगले असतील तर पूर्ण रंगकाम करूच नका. नीट पॉलिश करून मूळ रंग टिकवा. तसा रंग पुन्हा बसत नाही. 80 च्या खाली असेल तिथे मशीन पॉलिश टाळा.

विंगचा उपयोग वेगाच्या वर्गाने वाढतो. 120 ला जो दाब मिळतो त्याचा चौथा हिस्सा 60 ला. गावात तो नुसता शोभेचा, आणि डिकीच्या पत्र्याला भोकं पाडून गंजाला वाट देणारा. लिप लावायचा तर रबराचा, वाकणारा लावा.

प्रश्न : यातल्या कशाकशाला आरटीओची परवानगी लागते? — पंचवटी

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ मापाचे बुश, शॉक, माउंटिंग ही दुरुस्ती आहे, तिला अडचण नाही. चाक-टायर कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेल्या मापात ठेवा. गाडी खाली बसवण्याआधी मात्र आरटीओत विचारा. रंग बदलायचा तर आधी मंजुरी घ्या आणि आरसीवर नोंद करा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

तुमची गाडी 15 वर्षांवरची असेल तर नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी येतं आणि पेठ रोडच्या कार्यालयात गाडी तपासणीला न्यावी लागते. काढलेले मूळ स्प्रिंग, चाकं, दिवे यांची भंगारात विक्री करू नका. तेल लावून, नावाची चिठ्ठी बांधून ठेवा. तपासणीला मूळ गाडीच दाखवायची असते, आणि पुढे गाडी विकायची वेळ आली तर जाणकार ग्राहक पहिल्यांदा तेच सामान मागतो.