श्टुटगार्टच्या वसतिगृहातल्या संध्याकाळी

तुम्ही विचारले आहे की, श्टुटगार्टच्या फायहिंगेन भागातील विद्यार्थी वसतिगृहात तुम्हाला ऑक्टोबरपासून खोली मिळाली आहे, मजल्यावरचे बाकी सगळे जर्मन बोलणारे आहेत, तुमचे जर्मन बी1 पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, झाले आहे, तुम्ही शाकाहारी आहात आणि मद्य घेत नाही. तर तिथल्या संध्याकाळच्या कार्यक्रमांत तुमचा निभाव लागेल की भारतीयांसोबतच घर शोधावे? मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून जवळपास अशाच तयारीने येथे आलो आणि त्याच परिसरातल्या एका वसतिगृहात अडीच वर्षे राहिलो. खोली सोडू नका, सुरुवात कोणत्या संध्याकाळी करायची एवढे मात्र ठरवून घ्या.

सत्राच्या आरंभी ट्यूटर, म्हणजे नव्या मुलांना मदत करणारे तिथलेच जुने विद्यार्थी, स्वागताची मोठी पार्टी ठेवतात. तिला हजेरी लावा, पण तिच्यावरून काही अनुमान काढू नका, कारण त्या संगीताच्या दणदणाटात कानाशी ओरडून बोललेले बी1 चे जर्मन कोणालाच कळत नाही. भाषा येते ती जिथे हाताला काम असते अशा लहान बैठकींत. माझ्या मजल्यावर दर बुधवारी ‘श्पीलेआबेंड’, म्हणजे खेळांची संध्याकाळ, असे. पहिल्याच बुधवारी मला ‘हाल्ब आख्ट’ला बोलावले होते, शब्दशः ‘अर्धे आठ’, म्हणून मी साडेआठला गेलो, तर मंडळी तासभर माझी वाट पाहून दुसरा डाव मांडून बसलेली. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात. हे पुस्तकात वाचलेले असूनही ऐन वेळी आठवत नाही, आणि येथे वेळेला महत्त्व आहे.

त्या रात्री ‘डोपेलकोप्फ’ नावाचा पत्त्यांचा खेळ चालू होता. चार जण खेळतात आणि प्रत्येक पान दोनदा असते. सगळ्या राण्या, सगळे गुलाम आणि सगळे चौकट हुकूम असतात. किलवरच्या दोन राण्या ज्यांच्या हाती पडतात त्या दोघांची जोडी ठरते, पण ती कोणाची हे खेळता खेळताच उघड होते. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला यात पटकन गोडी लागते. त्यानंतर सोंगट्यांचा पट निघाला, तेव्हा मला हसूच आले, कारण तो आपला लुडोच होता. जर्मनीत 1914 पासून मोठ्या प्रमाणावर तयार होणारा हा खेळ मुळात आपल्या पचिसीच्याच कुळातला, आणि त्याच्या जर्मन नावाचा अर्थ होतो ‘अरे माणसा, चिडू नकोस’. सोंगटी मारल्यावर जे बोलायचे असते ते मला व्याकरणाशिवायही बोलता आले.

खाण्याबाबत मात्र संकोच करू नका. येथे ‘शाकाहारी’ म्हटले की अंडे चालते असेच धरले जाते, त्यामुळे अंडे खात नसल्यास तेही वेगळे सांगावे लागते. श्वाबेन भागाचे आवडते श्पेट्सले हे शेवयांसारखे पदार्थ अंडे घालूनच होतात. बटाट्याच्या सॅलडवर तर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कारण येथील पद्धतीत ते बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात मुरवतात आणि दिसायला निव्वळ बटाटा असतो. हातातल्या पेल्यात काय आहे याची चौकशी कोणी फारशी करत नाही. सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेले ‘आप्फेलशोर्ले’ घ्या आणि ‘प्रोस्ट’, म्हणजे ‘चिअर्स’, म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहा. डिसेंबरात बिस्किटे भाजण्याच्या संध्याकाळी मद्याऐवजी गरम मसालेदार फळरस मिळतो. माझ्या मते वर्षातली सर्वांत चांगली संध्याकाळ हीच, कारण पीठ लाटताना माणसे सावकाश बोलतात.

वर्षातून एकदा आपल्याकडचे काही करून घालण्याची पाळी येतेच. मी पहिल्या दिवाळीला वीस जणांसाठी कांदाभजी काढली. तिसऱ्या घाण्याला धुराचा गजर वाजू लागला, अख्खा मजला जिन्यात उतरला आणि मी पीठ माखलेल्या हातांनी सर्वांची क्षमा मागत राहिलो. दुसऱ्या वर्षी पावभाजी केली. तळणीचा प्रश्नच उरला नाही, बटाटे सोलायला आणि घोटायला पाच जण सहज लागले, आणि येथले कडक सालीचे ब्र्योटशेन, म्हणजे छोटे पाव, पावभाजीच्या कामाचे नसल्यामुळे दुकानातले मऊसर, किंचित गोड दुधाचे ब्र्योटशेन लोण्यावर भाजून घेतले. अंड्याची अडचण असल्यास पाकिटावरचे घटक आधी वाचून घ्या.

रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, म्हणून आवाज तेव्हा खाली येतो, पण संध्याकाळ तेव्हा संपत नाही. भांडी घासून, पुसून, बाटल्या मोजून ठेवेपर्यंत ती चालते (बिअरच्या काचेच्या बाटलीमागे 8 सेंट परत मिळतात, ते मजल्याच्या डब्यात पडतात). जेवून लगेच खोलीत जाणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही, मात्र पुढच्या वेळी बोलावायचे राहून जाते. माझ्या मजल्यावरची सर्वांत मोकळी संभाषणे सिंकपाशी, फडके हातात असताना झाली.

पावभाजी मसाला येथील आशियाई दुकानांत मिळतो, तरी तुमच्या आवडीची दोन पाकिटे घरून आणाच. लोणी येथले उत्तम असते.