टोपोशीट नंतर बघू, आधी बांधाची तारीख सांगा

पेणजवळच्या खारेपाटातून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातून, एका वाचकाने 1950 च्या दशकातल्या टोपोशीटचा (सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलदर्शक नकाशाचा) फोटो पाठवला आहे. खाडीचं वळण तेव्हा पलीकडे होतं, म्हणून शेजाऱ्याने बांध घालून घेतलेले नऊ गुंठे आपलेच, हे यावरून सिद्ध होईल का, असं ते विचारतात. खाडीकाठचे बरेच पक्षकार असेच नकाशे घेऊन येतात.

नाही होणार. हा नकाशा एक इंचाला एक मैल या मापाचा. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सुमारे 32 मीटर भरते आणि नऊ गुंठे म्हणजे जेमतेम तीस बाय तीस मीटर. गट नंबर आणि खातेदारांच्या हद्दी त्यात नसतातच. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बाहेरचा बांध, कुठे होता, एवढं दाखवायला तो जोडा. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा, टिपण (मूळ मोजणीची नोंद) आणि फाळणी (पोटहिश्श्यांची मोजणी) यांच्या नकला काढा.

सगळं अडलंय ते पत्रातल्या एका वाक्यावर: ‘2014 च्या गणपतीत गावी आलो, तेव्हा बांध झालेला होता.’ मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 65 प्रमाणे समोरच्याचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय तो उघडपणे स्वतःची म्हणून जमीन धरून बसल्यापासून, 12 वर्षांत दावा लावावा लागतो. ती उलटली की कलम 27 खाली मालकी हक्कच संपतो. आणि ही 12 वर्षं गणपतीपासून मोजू नका. भर पावसात खारेपाटात बांध कोण घालतो? तो त्या उन्हाळ्यातला असणार, कदाचित आधीचाही.

‘मोजणीचा अर्ज पडून आहे म्हणून थांबलो’ हे वाचून खरंच वाईट वाटलं. मोजणीचा अर्ज, तहसीलदारांना निवेदन, गावकीची बैठक, वकिलाची नोटीस, कशानेही मुदत थांबत नाही. दावा दाखल झाल्याची तारीख तेवढी धरतात. इतकी वर्षं एकदाही कोणा वकिलाला का विचारलं नाहीत?

शेजाऱ्याचा ताबा प्रतिकूल होता, हे त्याने सिद्ध करायचं आहे. तुमच्या वडिलांनी त्याला कसायला दिल्याचा कागद निघाला, तर चित्र पालटेल. तुकडा भरतीरेषेच्या आत निघाला, तर मात्र तो सरकारचा ठरू शकतो. कागद पाहिल्याशिवाय याहून जास्त बोलणं बरोबर नाही.

मोजणीची वाट पाहू नका. दावा लागल्यावर कोर्ट कमिशनर नेमून ती करून घेता येते. सातबारा आणि फेरफार घेऊन याच आठवड्यात तुमच्याकडचा दिवाणी वकील गाठा.