कॉपरमाइन नदी कुठे आहे आणि तिला हे नाव कसं पडलं?

ही नदी उत्तर कॅनडात आहे. वायव्य प्रदेशातल्या लाक द ग्रा या सरोवरातून निघते आणि साधारण ८४५ किलोमीटर वाहत नुनावुतमध्ये कोरोनेशन आखाताला, म्हणजे आर्क्टिक महासागराला मिळते. वाटेत बराचसा भाग झाडं नसलेला, टुंड्राचा.

नावाचा अर्थ सरळ ‘तांब्याची खाण’. नदीच्या खालच्या भागात शुद्ध तांब्याचे तुकडे चक्क उघड्यावर मिळत. तिथले लोक ते दगडाने ठोकून त्यांची सुरी, बाणाची टोकं बनवत. वितळवायचीही गरज नव्हती. या तांब्याची वार्ता हडसन्स बे कंपनी या फरचा व्यापार करणाऱ्या इंग्रज कंपनीपर्यंत पोचली आणि तिचा माणूस सॅम्युअल हर्न १७७१ मध्ये चिपेवायन या तिथल्या आदिवासी समाजाचा नेता मातोनाबी याच्यासोबत चालत इथे आला. मोठी खाण सापडेल ही आशा होती. बराच शोध घेऊन हाती लागला तो जेमतेम पावणेदोन किलोचा एक गोळा.

त्याच प्रवासात, मुखापासून १५ किलोमीटरवरच्या धबधब्यापाशी, हर्नसोबतच्या माणसांनी झोपलेल्या इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवासी, कुटुंबांची कत्तल केली. म्हणून इंग्रजी नकाशावर त्याचं नाव ‘ब्लडी फॉल्स’. इनुइट मात्र त्याला कुगलुक म्हणतात, म्हणजे नुसतं ‘धबधबा’. मला हे नाव जास्त खरं वाटतं, कारण ते त्या पाण्याचं आहे, बाहेरून आलेल्यांच्या प्रवासाचं नाही.

मुखावरच्या गावाचंही नाव आधी कॉपरमाइनच होतं. १ जानेवारी १९९६ पासून ते अधिकृतपणे कुगलुकतुक झालं: ‘वाहत्या पाण्याची जागा’. नदीचं नाव नकाशावर अजून जुनंच आहे.