सप्टेंबरच्या शिकारीसाठी कपडे घेताना

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा हंगाम १५ सप्टेंबरला उघडतो. तेव्हा दुपारी घामाच्या धारा लागतात, त्यामुळे महागडं शिकारी जाकीट आत्ता घेऊच नकोस. सुती टी-शर्टही नको. तो भिजला की वाळत नाही, आणि संध्याकाळी मचाणावर वारा सुटला की हुडहुडी भरते. व्यायामाचा साधा पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चालेल, मातकट किंवा गडद हिरवा. निळा अजिबात नको, हरणांना तो रंग चांगला दिसतो. पँट लष्कराच्या जुन्या मालाच्या दुकानात बघ. कापड कानाशी नेऊन चोळ. सरसर वाजलं तर परत ठेव.

वाचलेले पैसे गोचीड रोखायला वापर, हे अगदी कळकळीने सांगतोय. तिथल्या उंच गवतात ती फार. ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा कपड्यांवर आणि बुटांवर मारून पूर्ण वाळू दे. अंगावर मारायचा नाही. पँटचे पाय मोज्यांत खोच.

धुताना चमक आणणारी पावडर टाळ, तिने कपडे हरणांना उजळ दिसतात. आणि हो, बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी टोपी आणि जाकीट सक्तीचं असतं, ते वेगळं घ्यावं लागेल.