काखेतल्या सगळ्या गाठी न काढता दोन-तीनच काढल्या, तर कॅन्सर मागे राहणार नाही का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या स्तनातली गाठ लहान आहे, काखेच्या सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसलं नाही, आणि सर्जन काखेतल्या लसिकाग्रंथींपैकी (शरीरात मुळातच असणाऱ्या छोट्या गाठी, कॅन्सरच्या नव्हेत) फक्त सेंटिनेल नोड, म्हणजे पहिल्या काही गाठी, काढून तपासणार आहेत. ऑपरेशन अर्धवट तर होत नाही ना, ही तुमची भीती. मी हीच ऑपरेशनं करते. आईच्या स्थितीत हे अर्धवट नाही, हीच योग्य पद्धत आहे.

स्तनातून निघालेलं लसिकाद्रव काखेतल्या ज्या दोन-तीन गाठींत आधी पोचतं, त्या सेंटिनेल. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून त्या शोधतात. (रंगामुळे दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी दिसू शकते, घाबरू नका.) त्यांत कॅन्सर नसेल तर पुढच्या गाठींना हात लावत नाहीत.

आणि असला तर? इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. झेड-११ नावाच्या अभ्यासात स्तन राखून ऑपरेशन झालेल्या आणि एक-दोन सेंटिनेल गाठींत कॅन्सर सापडलेल्या स्त्रिया होत्या. निम्म्यांच्या काखेतल्या उरलेल्या गाठीही काढल्या, तेव्हा सुमारे २७ टक्के जणींच्या त्या गाठींत आणखी कॅन्सर निघाला. म्हणजे ज्यांच्या काढल्या नाहीत, त्यांच्यातल्याही साधारण तितक्याच जणींच्या काखेत तो राहिला असणार. तरीही १० वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण काख साफ न केलेल्या गटात ८६.३ टक्के आणि केलेल्या गटात ८३.६ टक्के होतं. मागे राहिलेल्या पेशींना रेडिएशन आणि औषधांनी आवरलं.

सगळ्या गाठी काढण्याची किंमत मात्र हाताला मोजावी लागते. हात कायमचा सुजू शकतो, दंडाची आतली बाजू बधिर होते, खांदा आखडतो. सूज काही वेळा वर्षांनंतर येते आणि आटोक्यात ठेवता आली तरी सहसा पूर्ण जात नाही. गरज नसताना हे कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

काख साफ करावी लागते असेही रुग्ण आहेतच: बऱ्याच गाठींत आजार असलेले, किंवा आधी केमो देऊनही काखेत कॅन्सर उरलेले.

सर्जनना दोन गोष्टी विचारा. सेंटिनेलमध्ये कॅन्सर निघाला तर काखेला रेडिएशन द्यायचं की पुन्हा ऑपरेशन? आणि आईचं वय व गाठीचा प्रकार पाहता सेंटिनेल तपासणीही टाळता येईल का? दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि स्वच्छ सोनोग्राफी असलेल्या काही स्त्रियांमध्ये आता तेही करतात.