सेमी-हॉलो गिटार घेताय? आधी एवढं बघा

भाऊ, गोल, उबदार टोन हवा असेल तर सेमी-हॉलोच (अर्धवट पोकळ बॉडीची इलेक्ट्रिक गिटार) घ्या, सॉलिड म्हणजे भरीव बॉडीत ती हवा सापडत नाही. आत मधोमध लाकडी ठोकळा असलेलीच बघा, १९५८ च्या गिब्सन ईएस-३३५ सारखी. पूर्ण पोकळ गिटार सुरुवातीला नको, अँपचा आवाज वाढवला की ती लगेच शिट्टी मारते, म्हणजे फीडबॅक देते.

- दुकानात प्रत्येक नॉब फिरवा, जॅक हलवा. खरखर आली तर सोडा. दुरुस्तीला वायरिंग एफ-होलमधून (बॉडीवरच्या f आकाराच्या छिद्रातून) ओढून काढावी लागते, फार किचकट काम.
- शिट्टी टाळायला अँपचा गेन (सिग्नल वाढवणारा नॉब) कमी ठेवा, अँपच्या अगदी समोर उभं राहू नका.

आणि आपला नागपूरचा उन्हाळा! ४५ अंशांच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं हाताला टोचतात. गिटार केसमध्येच ठेवा, कूलरच्या ओल्या झोतात तर कधीच नको.