विचारा, सांगते : नवऱ्याचे क्लब आणि माझी उंची

ताई, माझं वय ५२, उंची पाच फूट. आमचे हे रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून गोल्फ शिकायला घेतलं. मुलाने ह्यांना नवा सेट आणला, त्यामुळे त्यांचा स्टीलच्या शाफ्टच्या, म्हणजे दांडीच्या, क्लबांचा जुना सेट माझ्या वाट्याला आला. रेंजवर जो तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो दीड इंच कापून घ्या, दुसरा म्हणतो लेडीज सेट घ्या, कॅडी म्हणतो सवय होईल. माझा बॉल सारखा डावीकडे जातो आणि क्लब बॉलच्या आधीच जमिनीत रुततो. काय करू?
— एक वाचक, पुणे

क्लबांना करवत अजून लागली नसेल तर आधी तिला थांबवा. माझ्या क्लबांना लागली होती, म्हणून सांगते.

मी पाच फूट एक इंच. ह्यांच्या फौजी बदल्यांमध्ये देवळालीला असताना गोल्फ शिकले, तेही ह्यांच्याच बॅगेतल्या चार क्लबांवर. त्या वेळी एका दुकानदाराने उत्साहाने दोन-दोन इंच कापून, वर तीच जाड ग्रिप (मूठ) चढवून क्लब हातात दिले. म्हणाला, "मॅडम, आता हे तुमचे." लांबी बसली खरी. पण स्विंग केला की वाटायचं, हातात पहार आहे. वर्षभर मी स्वतःलाच दोष देत राहिले की आपल्या मनगटात जोर नाही.

पुरुषांचा क्लब कापला की तो बायकांचा होत नाही, आखूड पुरुषी क्लब होतो. शाफ्ट आखूड झाला की आणखी ताठ होतो, आणि तो मुळातच आपल्या वेगासाठी फार ताठ असतो. अर्धा इंच कापला की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना डोक्याकडे जाणवणारा भार, साधारण तीन अंकांनी उतरतं, म्हणजे फिरवताना खाली डोकं आहे की नाही तेच कळत नाही. गंमत अशी की एवढं होऊनही क्लबचं एकूण वजन फारसं घटत नाही. जुना स्टीलचा शाफ्ट एकटाच १२० ग्रॅमच्या आसपास असतो, बायकांच्या सेटमधला ग्रॅफाइटचा ५०-६० ग्रॅमचा. कापून त्यातले जातात किती, तर मोजून पाच-सहा ग्रॅम.

आता तुमच्या डावीकडे जाणाऱ्या बॉलबद्दल. उजव्या हाताने खेळता असं धरते. क्लब लांब पडला की डोक्याचा टोकाकडचा भाग, म्हणजे टो, वर उचलला जातो आणि हील, म्हणजे दांडीकडचा भाग, आधी जमिनीला लागते. टो वर गेला की क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, आपोआप डावीकडे बघायला लागतो. हील जमिनीत अडकली तर तो आणखी वळतो. तुमची दोन्ही दुखणी, डावीकडे जाणं आणि रुतणं, याच एका कारणाची असू शकतात. खात्री स्वतःची स्वतः करता येते. पांढऱ्या बोर्डावर लिहायच्या मार्करने बॉलवर एक जाड उभी रेघ काढा, ती क्लबच्या चेहऱ्याकडे येईल असा बॉल ठेवा आणि सेव्हन आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) मारा. रेघेचा ठसा चेहऱ्यावर उमटतो. सरळ उभा उमटला तर छान. वरचं टोक टोच्या बाजूला कललं असेल तर क्लबच्या दांडीचा डोक्याशी असलेला कोन तुमच्यासाठी फार उभा आहे, हीलच्या बाजूला कललं असेल तर फार आडवा. एका फटक्यावर जाऊ नका, दहा मारा.

मग माप. पायात खेळायचे बूट घाला, ताठ उभ्या राहा, हात सैल सोडा आणि दुसऱ्या कुणाकडून मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावून घ्या. स्वतः वाकून मोजलंत तर मापच बदलतं. नुसत्या उंचीवर विसंबू नका. माझी एक मैत्रीण बरोबर माझ्या उंचीची, पण तिचे हात आखूड. तिचं मनगट जमिनीपासून माझ्यापेक्षा चांगलं इंचभर वर. आम्हा दोघींना एकच सेट कसा बसेल? उलट, बुटक्या बाईचे हातही सहसा आखूड असतात, म्हणून उंचीत सहा इंचांचा फरक असला तरी क्लबमध्ये तो इंचाच्या आतबाहेर येतो. दोन इंच कापायला सांगणाऱ्याला हे माहीत नसतं.

दुकानातला लेडीज सेट पुरुषांच्या सेटपेक्षा साधारण इंचभर आखूड असतो. सेव्हन आयर्न पुरुषांचा ३७ इंचांच्या आसपास, बायकांचा ३६. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत दूर मारायचा क्लब, पुरुषांचा ४५ ते साडेपंचेचाळीस, बायकांचा ४४ च्या जवळपास. पण तो बनवताना पाच फूट पाचच्या आसपासची बाई डोळ्यांसमोर असते. आपण आपल्या आजूबाजूच्या बायका बघितल्या तर निम्म्याहून जास्त तिथे पोचत नाहीत. म्हणून तुम्हाला लेडीज सेटही अर्धा-पाऊण इंच लांब पडू शकतो. काही कंपन्या "पेटिट" नावाने आणखी आखूड सेट काढतात, ते एकदा हाताळून बघा.

काही विकत घ्यायच्या आधी एक फुकटचा उपाय करा. ग्रिपवर वरून एक इंच सोडून रंगीत चिकटपट्टी लावा आणि पंधरा दिवस पट्टीच्या खालीच धरून खेळा. बॉल सरळ जायला लागला तर रोग लांबीचाच. नाही फरक पडला तर कोचकडे जा, दुकानात नको. आणि रेंजवर कुणाचा तरी हलका ग्रॅफाइटचा सेव्हन आयर्न मागून दहा बॉल मारा. मी हे केलं तेव्हा माझं वय ४१ होतं. पहिला बॉल उडाला तो बघून मी शब्दशः खाली बसले.

ह्यांचा सेट? नातवासाठी ठेवा. मुलांनाही तो जडच होईल म्हणा.

*

माझी मुलगी १७ वर्षांची, उंची पाच फूट नऊ. गोल्फ क्लबमध्ये सगळे तिला "लेडीज" सेटच घ्या म्हणतात. ती वाकून वाकून खेळते आणि कंबर दुखते म्हणते.
— एक वाचक, मुंबई

अंगण झाडायचा खराटा आखूड असला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तेच होतंय.

"लेडीज" या एका शब्दात चार गोष्टी कोंबलेल्या आहेत : आखूड लांबी, हलकं वजन, लवचीक शाफ्ट आणि बारीक ग्रिप. या चारही एकाच बाईला हव्या असतील असं कुणी ठरवलं? तुमच्या मुलीला बहुधा पुरुषी लांबी आणि हलका ग्रॅफाइट शाफ्ट चालेल. किती लवचीक ते तिच्या स्विंगच्या वेगावर ठरेल. ग्रिप हाताच्या मापाने. डाव्या हाताने धरल्यावर मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक, टेकलीच नाहीत तर जाड.

पिंग या कंपनीच्या आयर्नवर रंगीत ठिपका असतो, तो नुसता शोभेचा समजू नका. काळा ठिपका म्हणजे दांडीचा कंपनीने ठरवलेला मूळ कोन, बाकीचे रंग त्याहून उभे किंवा आडवे. उंच मुलीला लांबी वाढवूनही थोडा उभा कोन लागू शकतो. आणि तिच्या वयात अजून एखादा इंच वाढ व्हायची असेल तर महागडा सेट आत्ताच शिवून घेतल्यासारखा बनवू नका.

क्लब लांब म्हणजे बॉल दूर, आणि बॉल दूर म्हणजे जिंकलं, असं तिच्या डोक्यात कुणी भरवलं असेल तर तेही काढा. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं, तेव्हा तिच्याहून कितीतरी लांब मारणाऱ्या मुली यादीत तिच्या खाली होत्या. तिला तिथवर नेलं ते पटिंगने, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकलण्याने, आणि जवळच्या फटक्यांनी.

*

क्लब किती लांब असावा याला नियम आहे का?
— एक वाचक, नाशिक

आहे. पटर (पटिंगचा क्लब) सोडून कुठलाही क्लब ४८ इंचांहून लांब चालत नाही, आणि १८ इंचांहून आखूड तर कुठलाच नाही. २०२२ पासून स्पर्धा भरवणाऱ्यांना पटरखेरीज सगळ्या क्लबांना ४६ इंचांची मर्यादा लावायची मुभा आहे. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये ती लागते. तुमच्या-माझ्या बॅगेला या आकड्यांचा धक्काही लागत नाही. बॅगेत क्लब १४ पेक्षा जास्त नकोत, एवढं मात्र लक्षात ठेवा.

*

पटरही मापाचा घ्यावा लागतो का? दुकानदार ३५ इंचांचा देतोय.
— एक वाचक, ठाणे

लागतो, आणि बहुतेक बायका इथेच फसतात, कारण पटर जोरात मारायचा नसतो म्हणून कुणी मोजतच नाही. पट करायला उभ्या राहा, डाव्या डोळ्याच्या खाली नाकाशेजारी दुसरा बॉल धरा आणि सोडा. तो खालच्या बॉलवर किंवा त्याच्या जरासा अलीकडे, तुमच्या पायांच्या बाजूला पडला पाहिजे. फारच अलीकडे पायांपाशी पडत असेल तर पटर तुम्हाला लांब आहे. आपल्या उंचीला ३२-३३ इंच पुष्कळ होतात. दुकानदाराकडे नसेल तर वाट बघा, पण ३५ चा "खाली धरून चालेल" म्हणून घेऊ नका. पटरची ग्रिप खालून धरली की वरचं टोक पोटाला टोचतं.